काळी, पांढरी आणि राडारोडा



आज आपल्याशी राडारोड्याच्या इतिहासाविषयी बोलायचे आहे. इतिहास म्हटला की गड-किल्ले आले, लढाया आल्या. त्यात हा पडक्या भिंतींचा विषय कुठून निघाला, असे कोणाला वाटेल. पण थोडा विचार करून पाहा. घर बांधायला घेतले की सारे गाव येऊन बघते. जोते किती उंच, वीट कुठली, लाकूड कसले, याची चौकशी होते. तेच घर चाळीस वर्षांनी पाडले, की त्याच्या विटा, माती, फरशा, पत्रे कुठे गेले, हे कोणी विचारीत नाही. जे विचारले जात नाही, ते कुठेतरी जाऊन पडतेच. ते कुठे पडले, यावर गावाचे ओढे, विहिरी आणि शेते यांचे भवितव्य ठरते.

मुळशी तालुक्यातल्या नांदे गावाचेच बघा. शेजारचे चांदे आणि हे गाव, यांची नावे आपण एका दमात घेतो. मुळा नदीच्या खोऱ्यातले हे गाव. एका अंगाला हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञानाची नगरी, दुसऱ्या अंगाला सूस, म्हाळुंगे आणि त्यांच्यामागे पुणे शहर. २०२१ साली पुणे महापालिकेची हद्द वाढली. तीत सूस आणि म्हाळुंगे ही गावे गेली. नांदे त्या यादीत नव्हते. म्हणजे शहर अगदी उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. अशा गावांत बांधकामाचा जोर असतो, आणि बांधकामाच्या मागोमाग राडारोडा येतो. तेव्हा आपल्या वाडवडिलांनी या वस्तूचे काय केले, आणि आज आपल्याला काय करता येईल, ते क्रमाने पाहू.

आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाच्या जमिनीसाठी दोन शब्द येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. वस्तीला पांढरी का म्हणतात? मातीच्या भिंती पावसाने झडतात, पडतात. पडलेली माती तिथेच सपाट करून तिच्यावर नवे घर उभे राहते. चुलीची राख, शेण, भुसा, फुटकी मडकी यांचे थरावर थर बसतात. शेकडो वर्षांनी त्या जागेची माती राखट, पांढुरकी होते आणि गाव हळूहळू उंचावते. म्हणजे गावाची पांढरी ही आपल्या पूर्वजांच्या घरांच्या राडारोड्याचीच रास आहे, बरं का!

याचा पुरावा आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ सालापासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. मधुकर ढवळीकर ही त्या कामातली मोठी नावे. सुमारे इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. मातीच्या भिंती, चोपून केलेल्या जमिनी, चुली, धान्याची पेवे, असे एकाखाली एक थर तिथे सापडले. एका पिढीचे घर पडले, की त्याच्यावर दुसऱ्या पिढीचे घर. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांचे जगणे आपल्याला कळले, ते त्यांनी मागे टाकलेल्या वस्तूंवरून. गुरुजनांनी हे मुलांना जरूर सांगावे, की टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती साक्ष देत राहते.

पुढे शेतकऱ्यांनी या पांढरीच्या मातीचा आणखी एक उपयोग केला. ओसाड पडलेल्या गावठाणाची माती गाड्या भरभरून शेतात नेली, कारण राख, शेण आणि हाडे मुरून ती खतासारखी झालेली असे. देशावर माळवदाच्या छपरावरही पांढरी माती घालीत. काळीतून धान्य येई, धान्यावर पांढरी जगे, आणि शेवटी पांढरीची माती पुन्हा काळीत जाई. असे ते चक्र होते.

वाडा पाडायचा झाला, तरी वाया फार थोडे जाई. सागवानी खांब, तुळया, चौकटी जपून उतरवीत. त्या दुसऱ्या घराला लागत. घडीव दगड नव्या जोत्यात बसे, अनघड दगड डबर म्हणून पायात जाई. सबंध विटा झाडून, रचून ठेवीत. विटांचे तुकडे उरले, तर ते कुटून, चाळून त्यांची सुरखी करीत. चुन्याच्या घाणीत बैल फिरे, दगडी चाकाखाली चुना मळला जाई, आणि त्यात सुरखी मिसळली की असा चुना ओलाव्यातही पक्का धरी. त्याहून मोठे तुकडे चुन्यात घालून, थापीने बडवून कोबा करीत. आजही गच्ची गळू नये म्हणून गवंडी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतो, तो याच जुन्या विद्येचा वारसा आहे. बेलदार, पाथरवट, वडार, गवंडी, सुतार या मंडळींच्या हातात ही विद्या होती.

जुने लोक काही देवमाणसे नव्हती. माल महाग होता आणि मजुरी स्वस्त होती, म्हणून वीट झाडून ठेवणे परवडत होते. शिवाय घर माती, शेण, लाकूड, दगड आणि चुना यांचे होते. टाकले तरी ते मातीत मिसळून जाई. तो काळ आपल्या गुणांइतकाच आपल्या घरांच्या घडणीमुळे निभावला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. रेल्वे, पूल, धरणे, कालवे अशी मोठी कामे निघाली आणि 'ठेकेदार' हा नवा माणूस पुढे आला. घरमालक आपले घर आपल्यासाठी बांधतो. त्याला तिथेच राहायचे असते. ठेकेदाराचे तसे नसते. तो मोजमापाने काम घेतो, बिल घेतो आणि पुढच्या कामावर जातो. मागे राहिलेला ढीग कोणाचा, हा प्रश्न त्या दिवसापासून सुरू झाला.

पण ठेकेदार म्हणजे पाठ फिरवणारा माणूस, असे कोणी समजू नये. महात्मा जोतीराव फुले हे स्वतः ठेकेदार होते. 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' हा त्यांच्या व्यवसायाचा भाग होता. १८७०च्या दशकात खडकवासल्याच्या धरणाचे काम चालू असताना त्या कामाला लागणारा माल पुरवण्याचा ठेका त्यांच्याकडे होता. याच काळात, १८७६ पासून काही वर्षे, ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. बांधकाम खात्यातली लाचलुचपत आणि मजुरांची नागवणूक त्यांनी जवळून पाहिली आणि तिच्यावर लेखणी चालवली. पुढे 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी जमिनीची कळकळ मांडली. पावसाने शेताची माती वाहून जाते, ती अडवायला ताली-बंधारे घालावेत, नदी-तलावांत साचलेला गाळ शेतकऱ्याला नेऊ द्यावा, असे त्यांनी सांगितले. दगड-चुन्याचा व्यवहार करणारा माणूस मातीचाही विचार करू शकतो, आणि ठेकेदारी व लोकहित एका घरात नांदू शकतात, हा धडा आपल्याच जिल्ह्यातला आहे.

मुळशीच्या माणसाला तर बांधकाम आणि जमीन यांचे नाते शिकवावे लागत नाही. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण घ्यायचे ठरवले, आणि १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याच्या अग्रभागी होते. लढा मोडला, धरण झाले, गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. शहराची गरज भागवताना गावाने काय दिले, त्याचा हा हिशेब मुळशीच्या घराघरांत अजून सांगितला जातो. त्या वेळी जमीन पाण्याखाली गेली. आता ती राडारोड्याखाली जाऊ नये, याची काळजी घ्यायची आहे. आणि या वेळी निर्णय पुष्कळसा आपल्या हातात आहे.

विसाव्या शतकात सिमेंट आले. पोरबंदरला १९१४ साली सिमेंटचा कारखाना सुरू झाला आणि पुढच्या पन्नास वर्षांत चुन्याची घाणी मागे पडली. लोखंडी सळई, सिमेंटचे पत्रे, तेलरंग, प्लॅस्टिकचे नळ, काच, थर्माकोल, जिप्समचे तक्ते अशी रांग लागली. घर टिकाऊ झाले, हे खरेच. पण पाडल्यावर ते मातीत जात नाही. ओल्या सिमेंटचे धुणपाणी क्षारी असते. ते सतत एका जागी सांडले, तर तिथली माती बिघडते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. पत्रा फोडला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात, श्वासावाटे फुप्फुसांत जातात आणि वर्षानुवर्षांनी असाध्य रोग करतात. रंगाच्या डब्यांत, थिनरमध्ये, फुटलेल्या ट्यूबलाइटमध्ये विषारी द्रव्ये असतात. आजोबांचे पडके घर शेतात पसरले तर खत झाले. नातवाचे पडके घर शेतात पसरले तर शेत गेले. हा फरक नीट ध्यानात घ्या.

मोठी संकटे आली, की राडारोड्याचा प्रश्न एका दिवसात दारात उभा राहतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. नदीकाठचे मातीच्या भिंतींचे जुने वाडे त्या पाण्यात विरघळल्यासारखे बसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या आणि सुमारे ८,००० माणसे गेली. अनेक गावे नव्या जागी वसवावी लागली आणि जुनी पांढरी मागे राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतली शहरे नुसत्या विटांचे ढीग झाली होती. पुरुष युद्धात मेलेले किंवा कैदेत. तेव्हा हजारो बायकांनी हातोड्या घेऊन एकेका विटेचा गिलावा झाडला, विटा रचल्या आणि त्याच विटांनी पुन्हा घरे बांधली. तुकड्यांचे चूर्ण करून त्यांचे ठोकळे पाडले. जे कशालाच उपयोगी पडले नाही, त्याची बर्लिन शहराच्या कडेला चक्क एक टेकडी झाली. तिचे नाव टॉयफेल्सबर्ग, आणि आज तिच्यावर झाडी आहे. नडलेल्या माणसाने जे केले, ते सुखात असलेल्याने करायला काय हरकत आहे?

आपल्याकडे कायद्याने पुष्कळ उशिरा डोळे उघडले. पण अगदी जुन्या काळी नियम नव्हते, असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर माती-कचरा टाकणाऱ्याला एक अष्टमांश पण आणि चिखलपाण्याने रस्ता अडवणाऱ्याला पाव पण दंड सांगितला आहे. आपल्या काळात, २०१६ साली, केंद्र सरकारने बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम काढले. ज्याच्या कामातून राडारोडा निघाला, त्याची जबाबदारी त्याच्यावर आली. रस्त्यावर, गटारात किंवा सार्वजनिक जागेत तो टाकायचा नाही. दिवसाला २० टन किंवा एका कामातून महिन्याला ३०० टन इतका राडारोडा निघत असेल, तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक, आणि विटा-गिलावा असे चार ढीग वेगळे करायचे आणि आधी आराखडा मंजूर करून घ्यायचा. २०२५ साली त्यांच्या जागी नवे नियम काढले गेले आणि त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर त्यांनी पुनर्वापराची अधिक कडक जबाबदारी घातली.

विज्ञानाची जोडही मिळाली आहे. राडारोडा यंत्रात भरडून, चाळून, धुऊन त्याची खडी आणि वाळू करता येते. असा कारखाना दिल्लीत बुराडी येथे २००९ साली निघाला. आपल्याकडे पिंपरी-चिंचवडसाठी मोशीला आणि पुण्यासाठी वाघोलीला अशी केंद्रे झाली. भारतीय मानक संस्थेने २०१६ साली आपल्या खडी-वाळूच्या मानकात या भरडलेल्या खडीला मान्यता दिली. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत ती चालते. पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये तर पूर्ण तीच वापरता येते. म्हणजे सुरखीचीच नात नव्या रूपात घरी आली म्हणायची!

मग अडचण कुठे आहे? अडचण वाहतुकीच्या पैशात आहे. शहराच्या हद्दीत दंड होतो, केंद्र लांब असते, डिझेल महाग असते. मग रात्री एखादी गाडी हद्दीबाहेर जाते, आणि ओढ्याची कड, नदीचा काठ, जुनी खाण किंवा पडीक गायरान बघून रिकामी होते. टाकणाऱ्याला वाटते, फुकटात सुटलो. पण फुकट काहीच नसते; बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलेले असते. ओढ्याचे पात्र अरुंद झाले की पावसाळ्यात पाणी आपली वाट शोधते आणि ती वाट कोणाच्या तरी घरातून जाते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला आणि कित्येक माणसे प्राणाला मुकली. ओढ्याची वाट अडवली की काय होते, हे शहराने त्या एका रात्रीत पाहिले. खाणीत मिश्र कचरा भरला, तर त्यातून झिरपलेले पाणी खालच्या विहिरींकडे जाऊ शकते. आणि एक गोष्ट कटू असली तरी बोलली पाहिजे. आज गावोगावच्या तरुणांनी ट्रॅक्टर, डंपर घेतले आहेत, लहान-मोठे ठेके घेतले आहेत. त्यांच्या कष्टाचे कौतुकच आहे. पण गाडी आपली आणि ओढाही आपलाच असला, तर ती गाडी आपण आपल्याच ताटात रिकामी करतो.

तर ठेकेदार बंधूंनो, चार व्यवहाराच्या गोष्टी ऐका. पहिली गोष्ट, कामाचे अंदाजपत्रक करतानाच राडारोडा उचलण्याची वेगळी ओळ घाला आणि घरमालकाला ती समजावून सांगा. ही ओळ अंदाजपत्रकात नसली, की शेवटी ती ओढ्यात जाते. दुसरी गोष्ट, पाडतानाच माल वेगळा करा. एकदा विटा, प्लॅस्टिक, लाकूड, रंगाचे डबे एकत्र झाले, की मग कोणी घेत नाही. सळई आणि ॲल्युमिनियम भंगारवाला घेतो, चौकटींना वखारीत गिऱ्हाईक असते, सबंध विटा कुंपणाला लागतात, तुकडे कोब्याला आणि स्वच्छ डबर भरावाला. तिसरी गोष्ट, पाया खणताना वरची काळी माती आधी बाजूला काढा. ती शेताची आहे, शेतालाच जाऊ द्या. खालचा मुरूम रस्त्याच्या कामी येतो, मात्र माती-मुरूम हलवण्याआधी तहसील कचेरीची परवानगी आणि स्वामित्वधन यांची चौकशी करा. चौथी गोष्ट, सिमेंटचे जुने पत्रे फोडू नका. पाणी मारून सबंध उतरवा, गुंडाळून वेगळे ठेवा आणि अधिकृत ठिकाणीच द्या. रिकाम्या पिशव्या, नळ, तारा जाळू नका. मिक्सर धुतलेले पाणी एका खड्ड्यात साठवा, ओढ्याकडे सोडू नका. आणि प्रत्येक खेपेची पावती घ्या. गाडी कुठून निघाली आणि कुठे रिकामी झाली, ते तीवर लिहिलेले असू द्या.

ग्रामपंचायतीलाही यात वाटा उचलता येईल. बांधकाम निघाले की राडारोडा कुठे जाणार, ते मालकाकडून लेखी मागावे. गावात एक जागा नेमावी, ओढ्यापासून आणि विहिरींपासून लांब. तिथे चांगला भराव साठवावा आणि गावच्या रस्त्यांना वापरावा. ओढ्यांच्या कडांची पावसाळ्याआधी शिवारफेरी काढावी. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले. त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवणाऱ्या महाराष्ट्राला याहून जास्त सांगायला नको.

आता गुरुजनांसाठी एक गणित. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि पाऊण फूट जाडीची विटांची भिंत घ्या. तिचे घनफळ ७५ घनफूट. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. तेव्हा भिंत झाली पाऊण ब्रास. पण पाडल्यावर तुकड्यांमध्ये पोकळी राहते आणि ढीग फुगतो. तो सव्वापट झाला असे धरले, तर किती ब्रास? मुलांना शाळेच्या एका खोलीच्या चारही भिंतींचा हिशेब करू द्या, दारे-खिडक्या वजा करू द्या, आणि मग विचारा की हा ढीग गावात कुठे ठेवाल? उत्तर शोधताना मुले गावाचा नकाशा काढतील, ओढा कुठे आहे ते पाहतील. गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे तीनही विषय एका भिंतीत शिकवून होतील.

मंडळी, वाडवडिलांनी आपल्याला काळी दिली आणि पांढरी दिली. पांढरी वाढत गेली तरी तिने काळीला खाल्ले नाही, उलट खत दिले. आता पांढरी फार झपाट्याने वाढते आहे आणि तिचे घटकही बदलले आहेत. बांधू नका, असे कोण म्हणेल? पोराबाळांना घरे हवीतच. पण प्रत्येक घर बांधताना ते पुढे कधीतरी पडणार आहे, हे मनात धरून बांधावे, आणि पाडताना त्याचा शेवटचा तुकडा कुठे गेला, हे आपल्याला सांगता यावे. तीन हजार वर्षांनी कोणी नांद्याची माती उकरली, तर त्या थरांत आपली साक्ष मिळणारच आहे. ती कशी असावी, ते आजच्या खेपेवर ठरते.